लोखंडवाला वेस्टन आणि मेफ्लॉवरचा हिशेब

१६२० साली मेफ्लॉवर हे जहाज इंग्लंडहून अमेरिकेला गेले आणि त्यातल्या माणसांनी न्यू प्लिमथची वसाहत वसवली, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. धर्मासाठी घरदार सोडलेली माणसे, खवळलेला समुद्र, जीवघेणा पहिला हिवाळा हे सगळे सांगून होते. या प्रवासाचे पैसे कोणी भरले, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. ते भरले मुख्यतः लंडनच्या व्यापाऱ्या-दुकानदारांनी, आणि त्यांची मोट बांधली थॉमस वेस्टन नावाच्या लोखंडी मालाच्या व्यापाऱ्याने. वसाहत टिकली. वेस्टन मात्र दोन वर्षांत या धंद्यातून बाहेर पडला आणि तिसऱ्या वर्षी खोट्या नावाने फिरताना दिसला.

सतराव्या शतकातल्या इंग्रज जहाजधंद्यात दुकानदाराचा पैसा कसा शिरायचा आणि कुठे अडकायचा, हे पाहायला हे प्रकरण फार सोयीचे आहे. दोन्ही बाजूंची पत्रे उरली आहेत. वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने ती आपल्या बखरीत उतरवून ठेवली. ब्रॅडफर्ड एका बाजूचा माणूस आहे हे लक्षात ठेवून वाचावे लागते, पण विरोधकाची पत्रे त्याने उतरवली हेही खरे. (पुढच्या तारखा तेव्हाच्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे आहेत.)

जहाज एकाचे, सफर दुसऱ्याची

आधी एक गोष्ट वेगळी करून ठेवू. जहाजाची मालकी हा एक धंदा होता आणि जहाज भाड्याने घेऊन सफरीवर पाठवणे हा दुसरा. दोन्हींत दुकानदार होते, पण त्यांची जोखीम सारखी नव्हती.

जहाज सहसा एका माणसाचे नसायचे. त्याच्या पत्त्या पाडलेल्या असत: चौथाई, आठवा, सोळावा, बत्तिसावा हिस्सा. कप्तान बहुधा स्वतः पत्तीदार असे. त्याच्या जोडीला जहाज बांधणारा सुतार, शिडे शिवणारा, दोरखंड वळणारा, नांगर घडवणारा लोहार, बिअर आणि बिस्किटे पुरवणारा. ही मंडळी पत्ती घेत ती नुसत्या नफ्यासाठी नव्हे. ज्याची पत्ती त्याचाच माल जहाजावर चढायचा. सफर तोट्यात गेली तरी दोरखंडाचे बिल निघायचेच. समुद्राशी काही देणेघेणे नसलेला एखादा कापडवाला किंवा एखादी विधवाही सोळाव्या हिश्शात पैसे घालत असे. विमा होता, पण सगळेच तो उतरवत नसत. एका जहाजात सगळे भांडवल घालण्यापेक्षा आठ जहाजांत आठ पत्त्या घेणे, हाच अनेकांचा विमा.

मेफ्लॉवर याच पद्धतीचे जहाज. ब्रॅडफर्ड त्याचा आकार सुमारे १८० टन सांगतो. कप्तान क्रिस्टोफर जोन्स स्वतः पत्तीदार होता. १६०९ मध्ये जहाज नॉर्वेच्या सफरीवर होते, पुढे फ्रान्सहून वाइन आणत होते. जुने, मेहनती, मालवाहू जहाज. वेस्टनच्या मंडळींनी ते विकत घेतले नाही, भाड्याने घेतले. जोन्स आणि त्याच्या पत्तीदारांना भाड्याशी मतलब. वसाहत जगते की मरते हा त्यांचा प्रश्न नव्हता. उलट दुकानदारांनी जे पैसे घातले ते भाडे, धान्य, बिअर, हत्यारे, अवजारे यांत गेले. जहाज बंदर सोडून निघाले की त्या पैशाच्या बदल्यात हातात काहीच उरत नव्हते. परतीचा माल येईल ही आशा, बस्स.

दहा पौंडांची पत्ती

वेस्टन लंडनच्या आयर्नमाँगर्स कंपनीचा, म्हणजे लोखंडी मालाच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीचा सदस्य होता. हॉलंडशी त्याचा व्यापार चालायचा. लायडनमध्ये राहणारे इंग्रज धर्मनिर्वासित अमेरिकेला जायचे म्हणत होते, डच लोकांशीही त्यांची बोलणी चालू होती. १६२० च्या सुरुवातीला वेस्टन लायडनला गेला आणि म्हणाला: डचांच्या नादी लागू नका, अमेरिकेत वसाहती घालण्याची सनद असलेल्या व्हर्जिनिया कंपनीवरही फार विसंबू नका, मी आणि माझे मित्र पैसे उभे करतो.

हे मित्र कोण? कॅप्टन जॉन स्मिथने १६२४ मध्ये लिहिले आहे की सुमारे ७० जण होते: काही खानदानी गृहस्थ, काही व्यापारी, काही कारागीर, कोणी मोठी रक्कम घातली, कोणी छोटी. बहुतेक लंडनच्या आसपासचे. सनद मिळालेली कंपनी नव्हती, आपखुशीने एकत्र आलेली मंडळी होती. पुढच्या कागदांत यातले जेम्स शर्ली हा सोनार, जॉन बोशॅम्प हा सॉल्टर्स, म्हणजे मीठवाल्यांच्या श्रेणीतला व्यापारी, रिचर्ड अँड्र्यूज हा बटणे-फितींचा दुकानदार, टिमथी हॅदर्ली हा फेल्टचे काम करणारा, अशी नावे पुन्हा पुन्हा भेटतात.

करार १ जुलै १६२० चा. एक पत्ती १० पौंडांची. सोळा वर्षांवरचा जो कोणी जाईल त्याचा देहच १० पौंडांचा धरला, म्हणजे त्याला एक पत्ती फुकट. त्याने वर १० पौंडांचे पैसे किंवा सामान घातले तर दोन पत्त्या. सात वर्षे सगळे उत्पन्न सामाईक. शेती, मासेमारी, कातड्यांचा व्यापार, जे मिळेल ते एकाच खात्यात आणि खाणेपिणे, कपडे त्याच खात्यातून. सात वर्षांनी भांडवल आणि नफा पत्त्यांप्रमाणे वाटून घ्यायचा.

कागदावर करार सरळ दिसतो. भांडण दोन कलमांवर झाले. लायडनच्या माणसांची समजूत अशी की घरे आणि मशागत केलेली जमीन वाटणीतून वगळलेली आहे, आणि आठवड्यातले दोन दिवस स्वतःच्या कामाला मोकळे आहेत. लंडनच्या मंडळींनी दोन्ही काढून टाकले: घरेही वाटणीत येणार आणि सुट्टीचे दिवस नाहीत. लायडनवाल्यांचा लंडनमधला प्रतिनिधी रॉबर्ट कुशमन याने लायडनला न विचारता मान्यता दिली. न दिली असती तर काही जण पैसे काढून घेणार होते, असे त्याचे म्हणणे. दुकानदाराच्या बाजूने पाहिले तर ही मागणी अवाजवी नाही. पहिल्या सात वर्षांत त्या रानात घर आणि जमीन याशिवाय दुसरी मालमत्ता कुठली उभी राहणार होती? तीच वगळली तर वाटायचे काय?

लोण्याची पिंपे

साउथॅम्प्टनला जहाजे निघण्याच्या तयारीत असताना वेस्टन या बदललेल्या करारावर सही घ्यायला आला. लायडनच्या मंडळींनी नकार दिला. मग तुम्ही तुमच्या पायांवर उभे राहा, असे सुनावून तो लंडनला परत गेला. बंदरातून सुटायला सुमारे १०० पौंड हवे होते. ते द्यायला त्याने साफ नाही म्हटले.

मग यात्रेकरूंनी, म्हणजे लायडनहून निघालेल्या या मंडळींनी, लोणी विकले. साठ ते ऐंशी पिंपे. तेच काय ते जरा जास्त होते, असे ब्रॅडफर्ड लिहितो. ३ ऑगस्टला त्यांनी लंडनच्या पत्तीदारांना पत्र पाठवले: आता आमच्याकडे लोणी जवळपास नाही, तेल नाही, बुटाला लावायला तळवा नाही, प्रत्येकाच्या कमरेला तलवार नाही, बंदुका कमी आहेत. शेवटी त्यांनी एक तडजोड सुचवली. सात वर्षांत मोठा नफा झाला नाही, तर आम्ही आणखी काही वर्षे तुमच्याबरोबर राहू.

दुकानदाराला हे वाचून काय वाटले असेल! शेतकऱ्याच्या मनाला सात वर्षांवर आणखी चार वर्षे जड नाहीत. लोखंडवाल्याचा माल उधारीवर येतो आणि उधारीवर जातो. त्याचे भांडवल वर्षातून दोनदा तरी फिरले नाही तर सावकार दारात उभे राहतात. मुदतवाढ म्हणजे त्याच्या दृष्टीने सवलत नव्हतीच, शिक्षा होती. माझ्या मते या प्रकरणाची गोम इथेच आहे. वेस्टनचा लोभ आणि यात्रेकरूंचा भाबडेपणा यांवर फार लिहिले जाते. पण कमी मुदतीचा पैसा लांब मुदतीच्या कामाला लावला गेला, ही चूक दोघांची मिळून होती.

हिशेबाची शिस्तही नव्हती. कुशमनने १७ ऑगस्टला डार्टमथहून लिहिलेल्या पत्रात कळवले की साउथॅम्प्टनला जवळजवळ ७०० पौंड खर्च झाले, कशावर ते मला माहीत नाही. आणि खरेदी करणारा क्रिस्टोफर मार्टिन म्हणतो की मी हिशेब देऊ शकत नाही आणि देणारही नाही. दहा-दहा पौंडांच्या पत्त्यांतून जमलेल्या पैशातले ७०० पौंड! कोणत्याही पेढीवर अशा गुमास्त्याला दुसऱ्या दिवशी ठेवला नसता.

डार्टमथला थांबण्याचे कारण दुसरे जहाज, स्पीडवेल. सुमारे ६० टनांचे हे जहाज हॉलंडमध्ये विकत घेऊन दुरुस्त केले होते आणि ते चाळणीसारखे गळत होते. कुशमन लिहितो की एका ठिकाणची दोन फूट लांब फळी बोटांनी उपसून निघाली असती. दोनदा मागे फिरावे लागले. शेवटी स्पीडवेल सोडून दिले आणि मेफ्लॉवर एकटेच १०२ प्रवासी घेऊन ६ सप्टेंबरला इंग्लंडमधल्या प्लिमथहून निघाले. तोपर्यंत बंदरातच बराच शिधा खाऊन झाला होता आणि हंगाम उलटला होता.

रिकामे परतलेले जहाज

९ नोव्हेंबरला केप कॉडचा किनारा दिसला. जहाज नांगरले तिथे रोज देवमासे जहाजाभोवती खेळत होते. जहाजावरच्या अनुभवी लोकांनी सांगितले की साधने असती तर तीन-चार हजार पौंडांचे तेल काढता आले असते. साधने नव्हती. मासेमारीवर नफा काढायचा बेत होता आणि बरोबर चांगली जाळी नव्हती, लहान गळही नव्हते. ज्यांनी ७०० पौंड कशावर घातले हे सांगता येत नव्हते, त्यांनी गळ घेतले नाहीत.

हिवाळ्यात जवळपास निम्मे प्रवासी मेले, खलाशांचीही तीच गत झाली. किनाऱ्यावर घरे होईपर्यंत जहाज हाच आसरा होता, त्यामुळे ते एप्रिल १६२१ पर्यंत अडकून पडले. ५ एप्रिलला निघून ६ मे रोजी इंग्लंडला पोचले. त्यात विकण्याजोगा माल काहीच नव्हता.

६ जुलैला वेस्टनने गव्हर्नर जॉन कार्व्हरला पत्र लिहिले. तुम्ही जहाजात काही भरून पाठवले नाही हे आश्चर्य आहे आणि सगळे त्यावर नाराज आहेत, असा त्याचा सूर. तुमच्या अशक्तपणामुळे हे झाले असे मी मानतो, पण तो हातांपेक्षा बुद्धीचा जास्त. वाद आणि चर्चा यांत घालवलेल्या वेळाच्या चौथाईतही बरेच काम झाले असते. करार उतरवून सह्या करून पाठवा, पैसे कसे खर्च झाले त्याचा तपशील द्या. आणि हे पत्र घेऊन येणारे जहाज भरून पाठवाल तर बाकी सगळे पत्तीदार गेले तरी मी हा धंदा सोडणार नाही, असा शब्दही त्याने दिला.

हे पत्र नोव्हेंबरमध्ये पोचले तेव्हा कार्व्हर मरून सात महिने झाले होते. नवा गव्हर्नर ब्रॅडफर्ड याने उत्तर दिले: तोटा तुम्हाला झाला खरा, पण कार्व्हर आणि इतर कष्टाळू माणसांच्या जिवांची भरपाई कोणत्याही किमतीने होणार नाही. वाचताना मन ब्रॅडफर्डकडे जाते. तरीही सह्या आणि खर्चाचा तपशील मागणे यात वेस्टनचे काही चुकले नव्हते. चुकली ती भाषा.

त्याच लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीही दुकानदार-व्यापाऱ्यांच्या पैशावर उभी होती. तिच्या सुरुवातीच्या सफरींचे हिशेब सफरीगणिक वेगळे असत. १६०१ मध्ये निघालेली पहिली जहाजे १६०३ मध्ये मिरी घेऊन परत आली. पुढे सुरतेला वखार पडली तेव्हाही तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचा बाजार, दलाल आणि तयार माल आधीपासून होताच. मिऱ्याला गिऱ्हाईक कोण हे जहाज निघण्यापूर्वी ठाऊक असायचे. केप कॉडच्या वाळूत बाजारच नव्हता; तो उभा करायचा खर्चही पत्तीदारांच्याच डोक्यावर.

फॉर्च्यून

पत्र घेऊन आलेल्या जहाजाचे नाव होते फॉर्च्यून. ५५ टनांचे, ३५ नवी माणसे घेऊन आलेले, आणि त्या माणसांबरोबर खायला बिस्किटसुद्धा नव्हते. वसाहतीने अर्धपोटी राहून ते भरले: पिंपांसाठी लागणाऱ्या ओकच्या फळ्या जागा होती तितक्या, आणि बीव्हर व पाणमांजराच्या कातड्यांची दोन मोठी पिंपे. किंमत सुमारे ५०० पौंड. डिसेंबरमध्ये जहाज निघाले आणि घराजवळ येता येता फ्रेंचांनी ते पकडले. जहाज सोडून दिले, माल ठेवून घेतला.

आता वेस्टनचा दम संपला. १० एप्रिल १६२२ च्या पत्रात त्याने कळवले की मी माझी पत्ती आणि येणे विकून टाकले; तुमचा माझा संबंध तुटला. जन्मात सोडणार नाही म्हटल्याला वर्षही झाले नव्हते. त्याने स्वतःच्या खर्चाने सुमारे ६० माणसे पाठवून न्यू प्लिमथच्या उत्तरेला वेसागसेट इथे वेगळी वसाहत घातली. ती १६२३ च्या सुरुवातीलाच मोडली. तिचे काय झाले ते पाहायला तो मासेमारांच्या जहाजावरून आला, दुसऱ्याच नावाने आणि लोहाराच्या वेषात. लोखंडाचा व्यापारी लोहार बनून! वाटेत वादळात होडी फुटली, स्थानिक लोकांनी अंगावरच्या सदऱ्याखेरीज सगळे काढून घेतले, आणि उसन्या कपड्यांत तो न्यू प्लिमथला पोचला. तिथल्यांनी त्याला बीव्हरची १०० कातडी उसनी दिली. त्याच्या बदल्यात शिव्याशापांखेरीज काही परत आले नाही, असे ब्रॅडफर्ड लिहितो. पुढे तोफा न्यू इंग्लंडला नेण्याच्या परवान्यावर घेऊन परदेशात विकल्याचा आरोपही त्याच्यावर झाला. १६४० च्या दशकात तो ब्रिस्टलला वारला.

दोन वजाबाक्या

जहाजमालकांचे काय झाले ते एका कागदावर नेमके दिसते. जोन्स मार्च १६२२ मध्ये रॉदरहाइथला पुरला गेला. २६ मे १६२४ ला रॉबर्ट चाइल्ड, जॉन मूर आणि जोन्सची विधवा जोसियन या तीन-चतुर्थांश मालकांच्या अर्जावरून मेफ्लॉवरची किंमत ठरवली गेली. सांगाडा, डोलकाठ्या, होडी वगैरे मिळून ५० पौंड. पाच नांगर, २५ पौंड. निम्म्याहून जास्त झिजलेला शिडांचा एक संच, १५ पौंड. दोरखंड आणि बाकीचे दोरकाम, तेही झिजलेले, ३५ पौंड. आठ बंदुका, काडतुसांचे पट्टे आणि भाले मिळून ५० शिलिंग. डांबराचे भांडे आणि किटली १३ शिलिंग ४ पेन्स. दहा फावडी ५ शिलिंग. एकूण १२८ पौंड ८ शिलिंग ४ पेन्स. नांगरांची किंमत सांगाड्याच्या निम्मी, यावरून लाकूड किती कुजले होते ते कळते. तरी पत्तीदारांच्या हातात काहीतरी होते. भाडे तर आधीच कमावून झाले होते.

सफरीत पैसे घातलेल्यांच्या हातात डिसेंबर १६२४ मध्ये होते १,४०० पौंडांचे कर्ज. पुढच्या वर्षी वसाहतीचा माइल्स स्टँडिश लंडनला मदत मागायला आला तेव्हा शहरात प्लेग होता. त्याला १५० पौंड मिळाले ते शेकडा ५० व्याजाने. १५ नोव्हेंबर १६२६ ला सौदा ठरला: पत्तीदारांनी सगळे हक्क १,८०० पौंडांना वसाहतीला विकायचे, दरसाल २०० पौंड, लंडनच्या रॉयल एक्स्चेंज या व्यापारी बाजाराच्या पश्चिम बाजूला पैसे मोजायचे. खाली ४२ सह्या. स्मिथ म्हणतो त्याप्रमाणे गुंतवणूक ७,००० पौंडांच्या घरात गेली असेल, तर पौंडामागे, म्हणजे वीस शिलिंगांमागे, जेमतेम पाच शिलिंग परत, तेही नऊ हप्त्यांत.

शर्ली, बोशॅम्प, अँड्र्यूज आणि हॅदर्ली मात्र गेले नाहीत. वसाहतीतल्या काही प्रमुखांनी १६२७ मध्ये कर्ज आपल्या शिरावर घेऊन व्यापाराचा मक्ता घेतला आणि हे चौघे त्यांचे लंडनचे अडते झाले. पुन्हा गाठ पडली ती जहाजाशीच. १६३१ मध्ये फ्रेंडशिप हे जहाज भाड्याने घेतले आणि व्हाइट एंजल विकत घेतले. दोन्ही सफरी तोट्यात गेल्यावर व्हाइट एंजल कोणाच्या खाती घेतले होते, यावर शर्लीची पत्रेच एकमेकांशी जुळेनात. वसाहत म्हणे आमचा संबंध नाही, लंडनवाले म्हणत सामाईक खात्यावर टाका.

१६३१ ते १६३६ या काळात वसाहतीने सुमारे १२ हजार रत्तल बीव्हर पाठवले. ब्रॅडफर्डच्या अंदाजाने त्याचे दहा हजार पौंडांच्या आसपास आले असावेत. तरी लंडनच्या चोपडीत देणे उरतच होते. १६४१ मध्ये १,२०० पौंडांवर तडजोड झाली. तिचे शेवटचे हप्ते, विशेषतः बोशॅम्पचे, फेडायला वसाहतीच्या पुढाऱ्यांना स्वतःच्या जमिनी विकाव्या लागल्या. साउथॅम्प्टनच्या धक्क्यावर वेस्टनसमोर ज्या कलमाला त्यांनी सही नाकारली होती, ते याच मालमत्तेबद्दल होते.